कोंडवाडा आणि गावकूस

'गावकुसाबाहेर' हा शब्द दलित साहित्यात आणि त्यावरील चर्चेत आता इतका रुळला आहे की त्यातले कूस कोणाला दिसेनासे झाले आहे. कूस म्हणजे भिंत किंवा कुंपण. भिंत आपोआप उगवत नाही. तिला माती लागते, दगड लागतात, वेठीला धरलेली माणसे लागतात आणि ती बांधण्याचे काही एक कारण लागते. आपण मात्र ती उन्हाळ्या-पावसाळ्यासारखी निसर्गाचीच एक गोष्ट समजून लिहितो. 'तीन हजार वर्षे आम्ही वेशीबाहेर आहोत' अशा अर्थाचे वाक्य मी कवितेत वाचले आहे, जयंतीच्या भाषणांत ऐकले आहे आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही तपासले आहे. त्यामागचा संताप खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते विधान इतिहास म्हणून टिकते काय? आणि टिकत नसेल तर ते आपल्या बाजूचे आहे की विरुद्ध बाजूचे? प्रस्तुत लेखात मला एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी आपल्या समीक्षेने फारसा हात न लावलेला पुरावा, म्हणजे दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांच्या आणि गुराख्यांच्या वस्त्यांचे अवशेष, मी पुढे ठेवणार आहे.

मी हे मंगळवेढ्याहून लिहितो आहे आणि त्याला कारण आहे. येथे गावकूस हे रूपक नाही. परंपरा सांगते की मंगळवेढ्याचे कूस बांधण्यासाठी महारांना कामाला लावले होते, ते बांधकाम कोसळले आणि त्याखाली चोखामेळा इतर मजुरांसह गाडला गेला. या घटनेचे वर्ष १३३८ असे दिले जाते. नामदेवाने येऊन ढिगाऱ्यातून अस्थी शोधल्या, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबाची म्हणून उचलली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर पुरली, अशी कथा आहे. भक्त या कथेतील नामापाशी थांबतात. मी दुसरीकडेच अडखळतो. ज्या हाडांतून नाम आले नाही आणि जी तेथेच राहिली, ती कोणाची? ज्या भिंतीच्या आत राहण्याचा त्यांना अधिकार नव्हता ती भिंत बांधता बांधता ते मेले. संतचरित्रकारांना यात काही विपरीत वाटले नाही. बाराव्या शतकात कल्याणला जाण्यापूर्वी बसवेश्वर याच मंगळवेढ्यात बिज्जलाच्या पदरी होते, असे मानले जाते. तेव्हा या गावाने माणसामाणसांतील भिंतीविरुद्धचा आवाजही ऐकला असणार. तरी दोनशे वर्षांनी कूस बांधायला महारच लागले.

बाबासाहेबांचा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. तो त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. चोखोबाच्या शरणागतीबद्दल आपल्या समीक्षकांनी पुष्कळ आणि कठोर लिहिले. त्यात तथ्य आहे. पण काही माणसे गावाबाहेर का राहिली या प्रश्नावरील ग्रंथ गावकुसाखाली मेलेल्या माणसाला अर्पण व्हावा, हे मला त्या ग्रंथाच्या वाचनाची किल्ली वाटते.

ग्रंथातील उपपत्ती थोडक्यात अशी. प्राचीन समाज गुरांमागे फिरणाऱ्या टोळ्यांचा होता. त्यातील काही शेतीला लागून एका जागी स्थिरावल्या, काही फिरतच राहिल्या. स्थिरावलेल्यांपाशी गुरे आणि धान्य दोन्ही असल्याने फिरत्या टोळ्या त्यांच्यावर हल्ले करीत. टोळीयुद्धांत वाताहत झालेली, आपल्या टोळीतून फुटून निघालेली माणसे आसरा शोधत होती, आणि स्थिर वस्त्यांना राखणदार हवे होते. त्यातून सौदा झाला. परक्या रक्ताची म्हणून या माणसांना वस्तीच्या आत जागा नाही, आणि राखण करावयाची म्हणून वस्तीच्या सीमेवर जागा. म्हणजे बाहेर राहणे आधीचे आणि विटाळ पुष्कळ नंतरचा. या माणसांनी बौद्ध धर्म सोडला नाही आणि मृत जनावराचे मांस खाणे सोडले नाही, म्हणून पुढे त्यांना अस्पृश्य ठरविले गेले. हा काळ बाबासाहेब इसवी सन ४०० च्या सुमाराचा मानतात. महारांचे बावन्न हक्क बेदरच्या बादशहाने दिले ही समजूतही त्यांनी तपासली आणि ते हक्क त्याहून फार जुने असून बादशहाने फक्त मान्य केले असावेत, असे म्हटले. आपला निष्कर्ष अंतिम आहे असा दावा त्यांनी केलेला नाही. प्रस्तावनेत तसे स्पष्ट बजावले आहे. आपण मात्र हा ग्रंथ पूजेला लावला, तपासायला घेतला नाही.

या उपपत्तीचा पाया गुरे आणि शेती हा आहे. पण ती लिहिली गेली तेव्हा दख्खनचे आद्य शेतकरी जमिनीखालीच होते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जोर्वे येथे पहिले उत्खनन १९५०-५१ साली झाले. म्हणजे बाबासाहेबांनी ज्या समाजाची कल्पना ग्रंथांवरून, आयर्लंड-वेल्सच्या दाखल्यांवरून आणि स्वतःच्या बुद्धीने केली, त्याच्या जवळपासच्या समाजाची घरे, हाडे आणि धान्य त्यानंतर हाती आले. हे दोन्ही एकमेकांपुढे ठेवून पाहणे, हे काम आपले होते.

आमच्या तालुक्याला लागून वाहणारी भीमा या कामी चांगली सोबत करते. तिच्या वरच्या अंगाला, तिला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. खालच्या अंगाला, जेथे ती कृष्णेला मिळते त्या दुआबात, आजच्या यादगीर जिल्ह्यात बुदिहाळ आहे. मंगळवेढा या दोहोंच्या मध्ये.

आधी बुदिहाळकडे जाऊ. कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणाच्या माळरानांवर राखेची मोठमोठी टेकाडे आहेत. एकोणिसाव्या शतकापासून त्यांच्याविषयी तर्क चालले होते. हंपीजवळच्या निंबापूरचा ढीग म्हणजे वालीच्या चितेची राख, असे लोक सांगत आले. आपल्याकडे गुराख्याच्या शेणालाही पुराणात नेऊन बसविल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. ब्रूस फूट यांनी ही राख गुरांच्या शेणाची असल्याचे म्हटले होते. पुढे १९५७ मध्ये रेमंड ऑल्चिन यांनी तेलंगणातील उतनूर येथे खणले तेव्हा राखेच्या थरांत लाकडी खांबांच्या कुंपणाच्या खुणा सापडल्या आणि गुरांच्या खुरांचे ठसेही सापडले. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीचे गुरांचे वाडे होते ते. शेण साचायचे, मग ते पेटवून दिले जायचे, आणि पुन्हा तेथेच वाडा उभा राहायचा. या जाळण्याचा संबंध ऑल्चिन यांनी आजच्या होळी-दिवाळीसारख्या अग्नीच्या सणांशी जोडला. हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाच्या यात्रेसाठी जमणारे धनगर पाहताना मलाही तसा मोह होतो; पण चार हजार वर्षांची उडी एका यात्रेवरून मारू नये.

बुदिहाळचे महत्त्व वेगळे आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी १९९० च्या आसपासच्या दशकात अनेक हंगाम उत्खनन केले. केवळ राखेचा ढीग न खणता त्यांनी भोवतालची वस्तीही खणली. गुरांचा वाडा, त्याला लागून माणसांची घरे, दगडी पाती तयार करण्याची जागा, आणि जनावरे कापण्याची एक वेगळी मोकळी जागा असा सगळा आराखडा उघडा झाला. कापण्याच्या जागेवर हाडे आणि दगडी हत्यारे एकत्र पसरलेली होती. यातील दोन गोष्टी आपण नीट पाहाव्यात. कुंपण होते, पण ते गुरांना होते. माणसे त्या कुंपणाच्या सभोवार राहत होती. आणि गोमांसाची जागा वस्तीचाच भाग होती. जनावर कापणारा आणि ते खाणारा यांच्यामध्ये कोणी भिंत घातलेली नव्हती.

आता आपल्या गावाचा आराखडा शेजारी ठेवा. गुरे गावकुसाच्या आत, धन्याच्या वाड्यातल्या गोठ्यात, आणि माणसे बाहेर. तेच जनावर मेले की ओढून नेण्यासाठी बाहेरच्या माणसाला आत बोलवायचे. दया पवारांनी १९७४ साली आपल्या पहिल्या कवितासंग्रहाला 'कोंडवाडा' हे नाव दिले तेव्हा ते मोकाट गुरे कोंडण्याच्या सरकारी जागेवरून घेतले होते. त्या नावावर पुष्कळ बोलले गेले आहे. माझ्या मते त्यातील मर्म असे की या व्यवस्थेत माणसाला गुराची जागाही मिळाली नाही. गुराला निदान आत घेतले जाते. बुदिहाळ ते महारवाडा या प्रवासात कुंपण गुरांभोवतून निघाले आणि माणसांच्या आड आले. ते कधी, कोणत्या कारणाने आले, हा इतिहासाचा प्रश्न आहे. 'अनादि काळापासून' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

इनामगावची सामग्री अधिक श्रीमंत आहे आणि वादाला जागाही तेथेच अधिक आहे. सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे खणले. मोठा अहवाल १९८८ साली निघाला. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढा वस्तीचा काळ. शंभरावर घरे उघडी झाली. आज ज्वारीचे कोठार म्हणून मिरवणाऱ्या आम्हा मंगळवेढेकरांना सांगितले पाहिजे की तेथले मुख्य पीक जव होते. जोडीला गहू, मसूर, कुळीथ अशी पिके होती. नदीचे पाणी वळविण्यासाठी बांध आणि पाट होता. वस्तीला भिंत आणि खंदक असल्याच्या खुणा मिळाल्या. लहान मुले मेली की दोन रांजणांची तोंडे एकमेकांना लावून त्यांत घालून घराच्या जमिनीतच पुरत. मोठ्यांना पुरताना पाय घोट्याखाली तोडत. एका माणसाचे पाय मात्र तोडलेले नाहीत. तो चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला आहे, आणि पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराशी, ज्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते, त्याचा संबंध उत्खनकांनी जोडला. हा गावचा म्होरक्या असावा, असे त्यांचे मत. गाईबैलांची हाडे विपुल आहेत आणि त्यांवर कापल्याच्या खुणा आहेत.

म्हणजे इनामगाव समतेचा स्वर्ग नव्हता, हे आपण मान्य केले पाहिजे. कोठार ज्याच्या दाराशी, सत्ता त्याची. हे मंगळवेढ्यातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. दुष्काळात बादशाही कोठार लोकांना खुले करणाऱ्या दामाजीपंतांची कथा आमच्याच गावची आहे. तीत बेदरला पैसे पोचविण्यासाठी विठ्ठल विठू महार होऊन जातो. देवाला महाराचे सोंग घेता येते, आणि महाराला कोठाराच्या आत पाऊल टाकता येत नाही, हे त्या कथेचे गणित.

वादाचा मुद्दा पुढेच आहे. इनामगावच्या वस्तीत सधन शेतकऱ्यांची घरे मध्यभागी आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंती वस्तू करणारा अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला होती, असा निष्कर्ष उत्खनकांनी काढला. हे वाक्य अनेक पुस्तकांत उतरले आहे आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नकळत आजचे बलुतेदारी गाव उभे राहते. मध्ये पाटील, कडेला कारू. एवढे मान्य केले की जातिव्यवस्था तीन हजार वर्षे मागे गेलीच म्हणून समजा. पण हा आराखडा जातीचा आहे असे मानायला आधार काय? भट्टीची आग गवताच्या छपरांपासून लांब ठेवावी, हे कारण कुंभाराला कडेला नेण्यास पुरेसे आहे. आणि सोनाराचे काय? आमच्या गावगाड्यात सोनार कधी कडेला राहिला आहे? त्याचे दुकान पेठेत आणि घर आळीत. कडेला असणे हे हीनतेचे चिन्ह मानले तर इनामगावचा सोनार त्या हिशेबात बसत नाही. शिवाय ही सारी माणसे एकाच भिंतीच्या आत आहेत. उत्खनकांच्या परिश्रमाविषयी मला आदर आहे. त्यांच्याशिवाय हा लेख लिहिताच आला नसता. पण वर्तमान गावाच्या चष्म्यातून भूतकाळ वाचण्याची सवय अभिजन विद्वानांना जडलेली आहे, आणि त्या चष्म्याची किंमत आपण मोजतो.

उलट बाजूने तेवढीच सावधगिरी हवी. इनामगावला बाहेर ठेवलेले कोणी नव्हतेच, असेही मी म्हणणार नाही. पुरातत्त्वज्ञ टेकाड खणतात, कारण टेकाड दिसते. टेकाडापासून दोनशे पावलांवर पालात राहून राखण करणाऱ्या माणसाच्या खुणा नांगराच्या दोन-चार तासांत पुसून जातात. ज्याच्याजवळ थर साचण्याइतके काही नव्हते त्याचा थर सापडणार कसा? पुराव्याचे हे दारिद्र्यही वर्गीय आहे.

बाबासाहेबांच्या उपपत्तीला इनामगावची सर्वांत महत्त्वाची साक्ष शेवटच्या टप्प्यात मिळते. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास तेथील मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती आक्रसली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भर वाढला. ढवळीकरांनी याचे कारण कोरडे होत गेलेले हवामान असे दिले; शेतकरी पुन्हा अर्धे भटके झाले. या अर्थाविषयी नंतरच्या अभ्यासकांत मतभेद झाले आहेत. पण माणसे तीच आणि जगण्याची रीत बदललेली, एवढे तरी दिसते. मला येथे बाबासाहेबांच्या मांडणीत एक दुरुस्ती सुचते. स्थिर शेतकरी आणि फिरस्ता गुराखी असे दोन वेगळे लोक धरण्याची गरज नाही. दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात तोच माणूस चांगल्या वर्षी शेतकरी असतो आणि वाईट वर्षांत वाटेला लागतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आणि परतलेल्या कुटुंबांना हे ठाऊक आहे. माणूस टोळीयुद्धात फुटतो तसा दुष्काळातही फुटतो. मग दुसऱ्याच्या वस्तीच्या कडेला आसरा घेणारा हा परक्या रक्ताचा असेलच असे नाही. तो मागच्याच पिढीत पांढरीवर घर असलेला असेल. अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत, हे बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात ठामपणे मांडले आहे. ही दुरुस्ती त्या भूमिकेला बळ देते, असे मला वाटते.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे. 'तीन हजार वर्षे' म्हणताना आपण आपले दुःख मोठे करीत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात मोठी होते ती व्यवस्था. प्राचीनता हाच तर तिचा मुख्य दाखला. सनातन शब्दाचा अर्थ दुसरा काय? बाबासाहेबांनी चौथ्या शतकाकडे बोट दाखवून अस्पृश्यतेला जन्मतारीख दिली. ती चार-दोन शतके पुढेमागे होईल. पण ज्याला जन्मतारीख आहे ते सनातन नसते, आणि आपल्या कवींनी ही तारीख बाबासाहेबांच्या हातून घेऊन पुन्हा अनादि काळात फेकून दिली.

हा वाद केवळ ग्रंथांपुरता नाही. माळावरच्या जुन्या वाड्या-वस्त्यांच्या खुणा ज्या जमिनीत आहेत ती पुष्कळदा गायरानाची जमीन. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले ते याच पडीक जमिनीसाठी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय झाला, तरी कागद न मिळालेले लोक आजही पुष्कळ आहेत. उद्या एखाद्या माळाला प्राचीन वारसा म्हणून कुंपण पडले तर पहिल्याने कोण हुसकले जाईल हे सांगायला नको. दुसरीकडे, पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात पसरण्याची रीत जुनी आहे, आणि आता यंत्रांनी सपाटीकरण चालले आहे. वारसा वाचवणारे आणि वारसा उकरणारे या दोघांच्याही यादीत भूमिहीन नाही.

शिक्षक मित्रांना मी एक गोष्ट सांगेन. ज्या आयर्लंडचा दाखला बाबासाहेबांनी घेतला त्याच देशात, मेयो परगण्यात, एका शाळामास्तराला १९३० च्या दशकात सरपणासाठी दलदलीची माती कापताना खोलवर दगडांच्या रांगा लागल्या. त्या आपोआप पडलेल्या नाहीत एवढे त्याने ओळखले. पुढे त्याच्या पुरातत्त्वज्ञ मुलाने लोखंडी सळ्या खुपसून त्या रांगांचा माग काढला, तेव्हा प्रागैतिहासिक काळातील कुरणांच्या भिंतींचे मैलोगणती जाळे निघाले.

आपल्याकडे खुपसून पाहावे अशी जागा प्रत्येक गावात आहे आणि तिचे नाव सातबाऱ्यावर, निदान म्हाताऱ्यांच्या तोंडी, शिल्लक आहे: हाडकी, हाडवळा. महार वतनाची ही जमीन. वतने १९५८ च्या कायद्याने गेली, नावे उरली. नावातच हाड आहे. मेलेली जनावरे ओढून नेऊन सोलण्याची जागा गावाबाहेर. बुदिहाळला ही जागा वस्तीचा भाग होती, येथे ती बाहेर गेली. तेव्हा प्रश्न असा की सर्वांत खालच्या थरातील हाडे किती जुनी आहेत? हाडांचे वय आज प्रयोगशाळेत काढता येते. एखाद्या जुन्या गावची पांढर आणि त्याच गावची हाडकी शेजारी शेजारी खणली, तर वस्ती कधी बसली आणि जनावर सोलण्याची जागा बाहेर कधी गेली, या दोन तारखांमधले अंतर हाती येईल. विद्यापीठातील आपल्या मुलांनी पुरातत्त्वाच्या विभागात प्रवेश घेऊन हा विषय मागितला पाहिजे, आणि आपण गावोगावच्या हाडकीचे गट क्रमांक, चतुःसीमा आणि म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या खुणा आताच उतरवून ठेवल्या पाहिजेत. भीमेच्या काठच्या गावांपासून सुरुवात करता येईल.